रिकाम्या घरांची हमी

आमचे दाजी धाकलू पाटील भित्रे होते. हे मी त्यांची नालस्ती म्हणून लिहीत नाही, ते स्वतःच सांगायचे. वीज कडाडली की घराच्या मधल्या खांबाला पाठ लावून बसायचे. सापाला सगळेच भितात, दाजी वाटेत नुसती कात दिसली तरी वाट बदलायचे. आणि असा माणूस वाडीचा पोलीस पाटील होता. वडिलांच्या मागे ते काम त्यांच्याकडे आलं. नको म्हणायचीही भीती वाटली, म्हणून घेतलं. मुरबाडला ठाण्यात खबर द्यायला गेले की आधी बाहेरच्या बाकावर बसून घाम पुसायचे. शिपाईच विचारायचा, "काय पाटील, कोणी मेलं का?"

"नाय साहेब, सगली जिती हायेत," म्हणत दाजी कागद पुढे करायचे.

वाडीतली माणसं म्हणायची, चोर आला तर पाटलाला आधी लपवा, मग चोराला धरा.

माझी थोरली बहीण सकुबाय त्यांना दिलेली. ती अगदी उलट. वाडीतली आणि आसपासच्या पाड्यांवरची बाळंतपणं तीच करायची. बोलावणं आलं की पावसापाण्यात, रानातून एकटी निघायची. दाजी कंदील धरून दारापर्यंत जायचे आणि ती परत येईपर्यंत ओट्यावर बसून राहायचे.

मी शहापूरला एका लाकडाच्या वखारीत कामाला होतो. तिथे ट्रकवाल्यांशी बोलून बोलून माझी हिंदी बरी झाली होती. या हकिकतीत मी आलो तो एवढ्याचमुळे. काही गोष्टी मी पाहिल्या, काही मला त्या दोघांनी सांगितल्या. जे पाहिलं नाही ते त्यांनी सांगितलं तसं लिहितो. नीट जमेल की नाही ठाऊक नाही.

त्यांची उंबराची वाडी सिद्धगडाच्या अंगाला आहे. डोंगराच्या पोटात एक सपाटी, तिच्यावर थोडी घरं. तेव्हा बहुतेक घरांवर गवतच होतं. खाली भातखाचरं, वर उभा कडा. वाडीला लागून ओहोळ आणि ओहोळापलीकडे देवाची राई. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, पायवाट होती.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर एका कंपनीने कड्याच्या माथ्यावरून विजेच्या तारा न्यायचं काम घेतलं. माथ्यावर लोखंडी मनोरे उभे करायचे होते. लोखंड वर न्यायला वाट नाही म्हणून हेलिकॉप्टर आणलं. खालच्या माळावर लोखंडाच्या मोळ्या बांधायच्या, मोळी दोराला अडकवायची, आणि हेलिकॉप्टरने ती लोंबकळत वर न्यायची. माळावरून माथ्याला जाणारी सरळ रेघ वाडीवरून जात होती.

आता विमानखात्याचा नियम असा की दोराला ओझं लोंबत असेल तर माणसांच्या घरांवरून जायचं नाही. यंत्रात बिघाड झाला, वारा उलटला, तर चालकाला ओझं सोडून द्यावं लागतं, नाहीतर तो स्वतःच खाली येईल. सोडलेलं ओझं ज्याच्यावर पडेल त्याच्यावर पडेल. डोंगराला वळसा घालून दुसरी वाट होती, पण ती लांबची आणि खर्चाची. म्हणून कंपनीने सरकारकडे अर्ज केला, की आम्हाला या नियमातून सूट द्या.

सूट द्यायची की नाही हे बघायला दिल्लीहून एक साहेब आले. वयस्कर, बारीक अंगाचे, चढताना चारदा बसले. दाजींनी मला निरोप धाडून बोलावून घेतलं होतं, हिंदी बोलायला. साहेब सगळी वाडी फिरले. घरांची गवती छपरं बघितली, वर बघितलं, परत छपरं बघितली. मग कंपनीच्या मुकादमाला म्हणाले, "नियम को छुट्टी दूँगा, तो उसकी जगह कोई आदमी खड़ा चाहिए. कौन खड़ा होगा?"

मुकादमाने दाजींकडे बोट केलं. "ये पोलीस पाटील है ना."

साहेबांनी विचारलं ते मी मराठीत सांगितलं. उड्डाणाच्या दिवशी सगळी माणसं ओहोळापलीकडे नेऊन बसवायची. तुम्ही स्वतः प्रत्येक घरात शिरून बघायचं. आत कुणी नाही अशी खात्री झाली की वाडीच्या कातळावर उभं राहून हिरवा झेंडा दाखवायचा. शंका आली तर लाल. हिरवा दिसल्याशिवाय हेलिकॉप्टर वाडीवरून जाणार नाही. जबाबदारी घेता का?

दाजी म्हणाले, "हो."

साहेबासमोर हो म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पण साहेब उतरून गेल्यावर ते माझा हात धरून म्हणाले, "पावनं, मी काय बोललू रं? म्हंजी वरून लोखंड पडला नि कोन मेला, तर तो मी मारला असा होनार का?"

मी काहीतरी बोललो. काय ते आता आठवत नाही. सकुबाय आतून म्हणाली, "कुनी नाय मरत. तुमी मातर भ्यानं मराल."

होळीपर्यंतची सूट मिळाली. कागदावर अटी होत्या, आणि पहिल्याच अटीत दाजींचं नाव होतं.

आणि दाजींनी ते काम मनापासून केलं. उड्डाणाच्या दिवशी सकाळी थाळी वाजवत फिरायचे. माणसं भाकऱ्या बांधून राईत जायची. मग दाजी एकेका घरात शिरायचे. त्यांची बघायची एक पद्धत होती. नुसतं डोकावून भागत नाही, माळ्यावर, कणगीमागे माणूस दिसत नाही, म्हणून ते चुलीच्या राखेत हात घालायचे. राख गार असली की घर सोडलं असं धरायचे. ऊन लागली तर त्या घरच्या माणसाला हाक मारून विचारायचे. माणसं मोजत नव्हते. आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, मोजली की त्यातलं एखादं कमी होतं म्हणतात. मुकादम दोनदा म्हणाला, अरे डोकी मोज ना. दाजी पुढच्या घरात शिरले.

सगळं बघून झालं की कातळावर जाऊन हिरवा दाखवायचे, आणि लगेच ओहोळ ओलांडून राईत यायचे. हात राखेने पांढरे झालेले असायचे. हेलिकॉप्टर डोक्यावरून जाताना ते कधी वर बघायचे नाहीत. बारक्या नावाचा एक गडी होता, तोंडाने फटकळ. तो म्हणायचा, "पाटील, डोले उघडा, गेला तो!"

"दोर दिसला का?"

"दोर बी हाय नि मोली बी हाय."

मग दाजी डोळे उघडायचे.

असे अनेक दिवस गेले. वाडीतल्या गड्यांना उड्डाण नसेल त्या दिवशी माळावर मोळ्या बांधायचं काम मिळालं. माणसांची भीती मोडली. पोरं हेलिकॉप्टरच्या नावाने गाणी म्हणायला लागली. फक्त दाजींची भीती मोडली नाही. ते रोज थोडे थोडे वाळत गेले.

होळी जवळ आली. माथ्यावरचं काम उरलं होतं, म्हणून कंपनीने पावसाळ्यापर्यंत सूट वाढवून मागितली. दिल्लीचे साहेब पुन्हा येणार असं कळलं. ते यायच्या आदल्या दिवशी ही गोष्ट घडली.

वाडीच्या टोकाला ठमीबाईचं घर. ठमीबाई म्हातारी, तिची लेक रत्ना. रत्नाला आधी दोन मुलं झाली होती आणि दोन्ही पाचवी पुजायच्या आत गेली. दुसरं तर मुरबाडला झालं होतं, तिसऱ्या दिवशी ओहोळ ओलांडून घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी गेलं. ज्या बाईची मुलं अशी जातात तिच्यासाठी आमच्याकडे वेगळी रीत आहे. पुढचं मूल झालं की ते झाल्याचं पाचवीपर्यंत कुणी तोंडातून काढत नाही. घरात मूल आहे असं दाखवायचं नाही, बोलायचं नाही. बाळंतिणीने पाणी ओलांडायचं नाही. कुणी पुरुषाने विचारलं तर नाही म्हणायचं. सटवीला पत्ता लागू नये म्हणून.

रत्ना पोटुशी होती. वाडीत सांगितलं होतं की ती सासरी गेली. बायकांना खरं ठाऊक होतं, बाप्यांना नव्हतं. सकुबायने दाजींना सांगितलं की शहापूरला भावाकडे जाते, भावजयीचे गुडघे धरलेत. माझ्या बायकोचे गुडघे चांगले होते. सकुबाय गेली ती ठमीबाईच्या आतल्या खोलीत, आणि तिथे रत्नाला मुलगी झाली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी थाळी वाजली.

सकुबायने नंतर मला सांगितलं, "मी रत्नाला म्हनलं, चल, पोराला छातीशी धर, मी उचलून नेते पलीकडं. ती माझ्या पाया पडली. म्हनली, लोखंड पडंल का नाय ते देवाला ठावं, पन पानी ओलांडला तर माझं पोर जानारच. मग काय करू? तिला एकलीला सोडू?"

दाजी ठमीबाईच्या दारात आले. राखेत हात घातला. राख ऊन होती.

"मावशे, चूल ऊन हाय गो."

"आताच भाकर टाकून निगाले रं धाकल्या," ठमीबाई म्हणाली. "म्हाताऱ्या मानसाला येल लागतो."

आतल्या खोलीच्या दाराला घोंगडी टांगली होती. दाजींनी घोंगडीकडे पाहिलं. घोंगडीपलीकडे सकुबाय मुलीचं तोंड छातीशी दाबून उभी होती, नवऱ्याचा श्वास तिला ऐकू येत होता. दाजींनी विचारलं, "आत कोन नाय ना?"

"कोन असनार?" ठमीबाई म्हणाली, आणि काठी टेकत बाहेर पडली.

दाजींनी कातळावरून हिरवा दाखवला आणि राईत आले.

पहिली मोळी गेली. ठमीबाई उठून उभी राहिली, मोळी वाडीपलीकडे जाईपर्यंत उभीच. दुसरी गेली, तेव्हाही तसंच. बारक्या म्हणाला, "म्हातारे, घरात हंडा पुरलाय का काय? इतकी काय बघतेस?"

सगळे हसले. ठमीबाईचं तोंड मातीसारखं झालं होतं. ती दाजींजवळ आली आणि खाली बसून तिने त्यांचा पाय धरला.

"धाकल्या, लाल दाखव."

"का गो?"

"दाखव म्हनते ना."

"पन झाला काय?"

तिने पाय सोडला नाही. ओठ हलत होते. बारक्या म्हणाला, "म्हातारीला ऊन लागला." खालून यंत्राचा आवाज यायला लागला, तिसरी मोळी उचलली होती.

"कोन हाय आत?" दाजींनी विचारलं.

"तुजी सकू हाय," ठमीबाई म्हणाली. एवढंच. मुलाचं नाव तिने काढलं नाही.

दाजी सुईणीचे नवरे होते. सकू शहापूरला म्हणून गेलेली, ती रत्नाच्या घरात का असेल, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

ते पळाले. मला हे बारक्याने सांगितलं. तो म्हणाला, आयुष्यात पाटलाला पळताना पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही ज्याच्यापासून पळायचं त्याच्याच दिशेने. ओहोळात एकदा पडले. उठले. कातळावर चढून लाल झेंडा दोन्ही हातांनी हलवायला लागले.

चालकाने लाल बघितला. आणि हेलिकॉप्टर थांबलं.

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. लाल दाखवला की थांबायचं, असं ठरलं होतं. ते थांबलं तेव्हा मोळी ठमीबाईच्या घरावर होती. बरोबर घरावर. दाजी सांगायचे, "पावनं, मीच त्याला तिथं थांबवला."

वर पात्यांचा घरघराट, खाली गवताचं छप्पर. छपराच्या पेंढ्या उडायला लागल्या, आधी सुट्या सुट्या, मग झुंडीने. लोखंडाची मोळी दोराला हळूहळू फिरत होती, आणि फिरता फिरता खाली वर होत होती. दाजींना आतलं दिसत नव्हतं. आत काय झालं ते सकुबायने सांगितलं. खोलीत एकदम उजेड झाला. वर आभाळ दिसलं आणि आभाळात ते लोखंड. रत्नाने किंचाळायला तोंड उघडलं पण आवाज आला की नाही कळलं नाही. सकुबाय मायलेकींवर पालथी पडली, कोपरं जमिनीत रोवून. "माझी पाठ किती रुंद, तेवढंच झाकलं," ती म्हणाली. "डोले मिटून म्हनत होते, पडायचा तर लवकर पड."

दाजींनी लाल झेंडा आणखी जोराने हलवला. हेलिकॉप्टर आणखी खाली आल्यासारखं वाटलं. चालक काय आहे ते बघत होता. तेव्हा दाजींना कळलं की लाल हातात आहे तोवर ते इथून हलणार नाही. लाल खाली टाकावा तरी ते हलेल असं नाही. त्याला हलवायचं एकच चिन्ह ठरलेलं होतं.

आत आपली बायको आहे, रत्ना आहे, काल जन्मलेलं पोर आहे, हे पक्कं ठाऊक असताना दाजींनी कमरेचा हिरवा झेंडा काढला आणि वर धरला. खाली कुणी नाही, जा.

हेलिकॉप्टर क्षणभर तसंच राहिलं. मग कड्याकडे सरकलं. मोळीचा एक झोका घराच्या आढ्यावरून गेला आणि संपलं.

दाजी कातळावर बसले. हिरवा झेंडा हातात तसाच धरला होता. बारक्याने जाऊन तो सोडवून घेतला, तर बोटं उघडेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत पोचलो, साहेबांसाठी. दाजींनी मला गोठ्यात नेऊन हे सगळं सांगितलं. सकुबाय ठमीबाईकडून तेवढ्यासाठी आली होती. तिच्या दोन्ही कोपरांना खरचटलं होतं.

"पाचवीला अजून दोन राती हायेत," ती म्हणाली. "सायबासमोर पोराचं नाव काढायचं नाय. तुमी बी नाय. भाऊ, तू बी नाय."

"अगं बाय," मी म्हणालो, "साहेब विचारणारच. लाल का दाखवला म्हणून. चालकाने त्यांना सांगितलं असेल."

"विचारू दे."

"आणि आत कुणी नव्हतं असं दाजींनी सांगितलं, तर सूट वाढेल. उद्यापासून परत मोळ्या जातील, त्याच घरावरून. रत्ना तर हलणार नाही."

दाजी गव्हाणीला धरून उभे होते. म्हणाले, "सांगितला तर पोर जाईल म्हनतात. नाय सांगितला तर लोखंड. मंग मी करू काय?"

बाहेर कुणी ऐकत नाही ना, ते मी बघून आलो.

तेवढ्यात मुकादम आला. दाजींच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "पाटील, सोप्पं आहे. आधी चुकून लाल काढला, लक्षात आलं, मग हिरवा दाखवला. हात चुकला म्हणायचं. वाडीच्या पोरांचं काम आहे, विचार कर." मागे बारक्या आणि दोघं-तिघं उभे होतेच. बारक्या म्हणाला, "पाटील, आमचा काम घालवू नका हां."

साहेब दाजींच्या ओट्यावर बसले. पाणी प्यायले. त्यांनी विचारलं, ते मी सांगत गेलो.

"लाल का दाखवला?"

दाजी उभे होते. टोपी काढून हातात धरली होती.

"भ्या वाटला, साहेब."

"कशाचं?"

"सांगता येत नाय."

मुकादम हसला. म्हणाला, "साब, ये तो अपनी परछाई से भी डरता है."

साहेब हसले नाहीत. "मग हिरवा का दाखवला?"

"त्यानं जावं म्हनून."

"म्हणजे तेव्हा घरं रिकामी आहेत अशी तुमची खात्री होती?"

मी हा प्रश्न मराठीत केला आणि दाजींकडे बघवेना म्हणून जमिनीकडे बघितलं. हो म्हटलं तर सूट वाढणार होती. नाही म्हटलं तर कोण होतं ते सांगावं लागणार होतं. दाराच्या मागे सकुबायच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

दाजी आत गेले. मला वाटलं, पळाले. मुकादमालाही तेच वाटलं असणार. पण ते दोन्ही झेंडे घेऊन बाहेर आले आणि साहेबांच्या पायांशी ठेवले.

"साहेब, हे तुमचं तुमी घ्या. माझ्याच्यानं होनार नाय. मी दर वेली दारात जातो, राखेत हात घालतो, हाका मारतो. तरी बी घर मोकला हाय का नाय ते मानसाला बाहेरून कलत नाय. मी इथंच जल्मलू, मना कलत नाय. मंग दुसऱ्या कुनाला काय कलनार? मी हो बोललू होतू, ते भ्यानं बोललू. आता नाय बोलतू, ते बी भ्यानंच बोलतू."

मी ते जमेल तसं हिंदीत सांगितलं. काही शब्द राहिले असतील.

मुकादम म्हणाला, "साब, दुसरा आदमी देंगे. बारक्या है."

साहेबांनी बारक्याला विचारलं, "तुम देखोगे? हर घर खाली है ये लिख के दोगे?"

बारक्याने ओहोळाकडे बघितलं, मग ठमीबाईच्या घराकडे. काल राईत म्हातारीने पाटलाचा पाय धरला तो त्याने पाहिला होता. डोकं खाजवत म्हणाला, "मी, साहेब... माझं माळावरच बरं हाय."

साहेब उठले आणि चालायला लागले, थेट वाडीच्या टोकाकडे. मी मागे, दाजी माझ्या मागे. ठमीबाईच्या घरावर छप्पर उरलं नव्हतं. वाशांवर घाईघाईने जांभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. उंबऱ्यावर ठमीबाई काठी आडवी धरून बसली होती. सकुबाय आमच्याआधी मागच्या वाटेने तिथे पोचली असावी, कारण आतून जात्याची घरघर सुरू झाली. ती घरघर एवढी मोठी होती की एवढ्या जोरात कुणी दळत नाही. आणि त्या घरघरीच्या खाली, फार बारीक, मला दुसरा आवाज आला. मी साहेबांच्या तोंडाकडे बघितलं.

"अंदर कौन है?" त्यांनी मला विचारलं.

"औरत है, साब," मी म्हणालो. "पीस रही है."

साहेबांनी वर फांद्यांकडे बघितलं. बराच वेळ. जातं थांबलं नाही. मग ते वळले. त्यांनी ऐकलं की नाही ऐकलं, मी आजही सांगू शकत नाही. ओट्यावर येऊन त्यांनी मुकादमाला सांगितलं, दिल्लीहून निर्णय येईपर्यंत वाडीवरून एकही फेरी नाही. झेंडे त्यांनी बरोबर नेले.

पाचवीपर्यंतच्या त्या दोन दिवसांत दाजी जेवले नाहीत. निर्णय काय येईल याची भीती, मूल राहील का याची भीती, साहेब फसवल्याबद्दल पोलीस धाडतील याची भीती. खालून वाटेने कुणी येताना दिसलं की गोठ्यात जायचे. पाचवी पुजली त्या सकाळी सकुबायने ठमीबाईच्या दारात उभं राहून मोठ्याने सांगितलं, "रत्नाला मुलगी झाली!" जसं काही आत्ताच झाली. वाडीने नवल केल्यासारखं केलं. नाव धोंडी ठेवलं, दगडासारखी राहावी म्हणून. ती राहिली.

निर्णय होळीनंतर आला, मुरबाडच्या तहसील कचेरीतून. कागद इंग्रजीत होता. मी तो शहापूरला एका मास्तरांकडून समजून घेतला आणि वाडीत जाऊन दोघांना सांगितला. सूट वाढवली नव्हती. घरं रिकामी असल्याची भरवशाची खात्री करता येत नाही, आणि ती खात्री करणाऱ्या स्थानिक माणसाने भीतीपोटी असमर्थता सांगितली आहे, असं कारण दिलं होतं. कंपनीने डोंगराला वळसा घालून जावं.

दाजींनी विचारलं, "भीतीपोटी, असा लिवलाय?"

"हो."

"माझी भीती? दिल्लीला?"

सकुबाय पोट धरून हसली. "आता काय लपवता! वाडीला ठावं होतं, मुरबाडला ठावं होतं, आता सरकारच्या दप्तरात बी गेलं."

दाजी हसले नाहीत. कागद माझ्या हातातून घेऊन उलटा सुलटा बघत राहिले.

बारक्या आणि इतर गड्यांचं माळावरचं काम कमी झालं, त्यांनी दाजींना पुढे बरीच वर्षं ऐकवलं. भित्र्या पाटलाने पोटावर मारलं म्हणायचे. दाजींनी कधी उलट सांगितलं नाही. खरं कारण वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, बारक्यालाही. पण बोलायला त्यांना तेवढं एक मिळालं होतं.

त्या दिवशी मी निघायला उठलो, तेव्हा दाजी म्हणाले, "पावनं, एक सांगा. सरकारनं एकदा नाय म्हनला, म्हंजी कायमचा नाय ना? परत कुनी मागितली सूट, तर?"

खोटं बोलावं असं मनात आलं. पण त्यांच्याशी खोटं बोलवलं नाही.

"मागता येते, दाजी. परत अर्ज करता येतो. तेव्हा परत कुणीतरी साहेब ठरवेल."

ते लगेच उठले, टोपी घातली.

"कुटं निघाले?" सकुबायने विचारलं.

"ठमीकडं. रत्नाला सांगतू, पोर घेऊन सासरी जा. आजच्या आज."

"येडे झाले का काय? सवा महिना झाल्याबिगर बाळंतीन घर सोडंल का?"

दाजी दारात थांबले. सवा महिना. त्यांनी टोपी काढली आणि ओट्यावर बसले, खालच्या माळाकडे तोंड करून. मी पायवाटेने उतरायला लागलो. वळणावरून मागे बघितलं, तेव्हा ते अजून तसेच बसले होते, मान वर करून, आणि आभाळात काहीही नव्हतं.